नादिष्टांच्या घरचे पत्ते

औंध दोन आहेत. एक पुण्यातलं, पूल आणि मॉलवालं. दुसरं सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराखालचं. रविवर्म्याची मूळ चित्रं बघायला पहिल्यांदा निघालो तेव्हा पुण्याच्या एका मित्राला मी "रविवारी औंधला भेट" एवढंच सांगितलं होतं. तो पुण्याच्या औंधात, चौकातल्या एका चहाच्या टपरीजवळ तासभर उभा राहून मला फोन लावत होता, आणि मी इकडे यमाईच्या पायऱ्यांवर धापा टाकत होतो. रात्री फोनवर त्याने मला यथेच्छ ऐकवलं आणि शेवटी विचारलं, "पण त्या खेड्यात रविवर्मा गेलाच कशाला?"

त्याला उत्तर देता देता वीसेक वर्षं गेली. हे पुस्तक म्हणजे ते उत्तर.

रविवर्मा तिथे आहे, कारण तिथे भवानराव पंतप्रतिनिधी होते. संस्थान लहान, उत्पन्न बेताचं, मुलूख दुष्काळी. राजाला मात्र चित्रांचा नाद. ते स्वतः चित्रं काढत, रामायणाची चित्रमाला त्यांनी स्वतः रंगवली, कीर्तनं केली, सूर्यनमस्कारांचा प्रचार इंग्लंडपर्यंत नेला. 1938 साली त्यांनी डोंगरावर संग्रहालय उभं केलं, आणि पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवला. राज्य सोडणारा राजा आपण एक वेळ समजू शकतो. पण राज्य सोडण्याच्या बेतात असताना चित्रांसाठी इमारत बांधणारा राजा? मला तरी दुसरा माहीत नाही.

आत रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, लघुचित्रं आहेत, युरोपातल्या नामवंत शिल्पांच्या संगमरवरी प्रतिकृती आहेत, आणि या सगळ्यात हेन्री मूरचं 'माता आणि मूल' आहे. अस्सल मूर. जगातली मोठमोठी संग्रहालयं ज्याची शिल्पं मिरवतात, तो खटाव तालुक्यात येऊन बसला आहे, आणि बाहेर यमाईला आलेली मंडळी नारळ फोडत आहेत.

पण मी अडलो तो रविवर्म्यापाशी. आपल्यापैकी बहुतेकांनी रविवर्मा पाहिला तो छापलेला. 1894 मध्ये त्याच्या नावाचा छापखाना गिरगावात सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत येऊन बसल्या. आमच्याकडेही एक होती. काचेच्या आत ओल शिरून तिचा एक हात पिवळा पडला होता आणि आजी त्याच हाताला हळदीकुंकू लावायची. शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. रंग एकावर एक बसतात खरे, पण सपाट बसतात. औंधला मूळ तैलचित्रासमोर उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की ज्याला मी जन्मभर काळा अंधार समजत होतो तो काळा नाहीच. तपकिरीवर तपकिरी, त्याच्या आत कुठेतरी तांबूस, आणि त्यातून बाहेर येणारा एक खांदा. पदराच्या जरीवर रंग चक्क उठून आला आहे, बाजूने पाहिलं तर त्याची सावली पडते. कुठलंही पुस्तक हे दाखवू शकत नाही. हेही नाही, म्हणून यात चित्रांचे फोटो मुद्दामच कमी घेतले आहेत.

आपली मराठी माणसांची चित्रांशी ओळख मुळात कागदावरचीच. दीनानाथ दलालांनी 1945 साली 'दीपावली' सुरू केला, आणि पुढे कित्येक वर्षं दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ हेच आमच्यासारख्यांचं कलादालन होतं. भिंतीवर मुळगावकरांच्या देवादिकांचं कॅलेंडर. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट: स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. मडकं, वांगं आणि घडी घातलेलं फडकं मी इतक्यांदा काढलं आहे की आजही मंडईत वांगी दिसली की त्यांची सावली कुठल्या बाजूला पडली आहे ते आधी बघतो. एवढं सगळं करून इंटरमिजिएटला बी ग्रेड मिळवलेल्या या मुलाने वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत एकही मूळ चित्र पाहिलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या कुणीच पाहिलं नव्हतं, आणि त्यात काही चुकतंय असं चित्रकलेच्या सरांनाही वाटत नव्हतं.

नोकरी बँकेची, म्हणजे बदल्यांची. दर तीन वर्षांनी नवं गाव. बायको नवी शाळा शोधायची, मी चित्रं. पहिली काही वर्षं मी चुकीचा प्रश्न विचारत होतो. "इथे म्युझियम कुठे आहे?" असं विचारलं की माणसं एक तर मान हलवतात किंवा किल्ल्याचा रस्ता दाखवतात. नागपुरात तर मध्यवर्ती संग्रहालय म्हटल्यावर रिक्षावाला माझ्याकडे बघतच राहिला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अजब बंगला म्हणा ना!" 1863 पासून उभ्या असलेल्या त्या संग्रहालयाला गावाने स्वतःचं नाव देऊन टाकलं आहे, आणि पाटीवरचं नाव फक्त पाटीला ठाऊक.

पुढे प्रश्न बदलला. या गावात चित्रांचा, मूर्तींचा, जुन्या वस्तूंचा नाद असलेलं कोण होतं? हा प्रश्न विचारला की गाव बोलायला लागतं. वाण्याच्या दुकानात, वाचनालयात, न्हाव्याकडे, कुठेही विचारा. कुणाचा तरी आजोबा निघतो, कुणाचा तरी काका. आपल्याकडची बघण्याजोगी बहुतेक ठिकाणं सरकारी योजनेतून जन्मलेली नाहीत. कुणा एका माणसाच्या खुळातून ती जन्मली, आणि सरकार नंतर, कधी कधी बरंच नंतर, कुलूपकिल्ली घेऊन आलं.

पुण्याचे दिनकर केळकर घ्या. घरचं चष्म्याचं दुकान, स्वतः 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहीत. लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रह उभा केला आणि 1975 साली तो शासनाला देऊन टाकला. वीस हजारांच्या घरात वस्तू, आणि त्या कसल्या? तलवारी आणि मुकुटांपेक्षा जास्त अडकित्ते, वज्र्या, कुंकवाचे करंडे, दौती, समया, चुन्याच्या डब्या. टाच घासायच्या वज्रीवर हत्ती आणि मोर बसवणारा कारागीर कोण असेल, आणि न्हाणीघरात ते कोण बघणार होतं? मी बाजीराव रस्त्याच्या त्या वाड्यात सहा-सात वेळा तरी गेलो असेन. कोथरूडहून आणून बसवलेला मस्तानी महाल बघायला गर्दी असते, म्हणून मी आधी अडकित्त्यांकडे जातो.

धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे तसंच एक गाव. प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, पांढरीच्या टेकाडांवर, पावसानंतर उघड्या पडणाऱ्या वस्तू गोळा केल्या: मणी, मातीच्या मूर्ती, खापरं. त्या संग्रहाचंच पुढे संग्रहालय झालं. तिथली हस्तिदंती बाहुली वीतभरसुद्धा नाही, पण थेट इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं नातं जुळतं. गोरोबाकाकांच्या दर्शनाला तेरला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यातले किती या बाहुलीपर्यंत येतात, ते तिथला रखवालदार हसून सांगतो, आकडा न सांगता.

सासवण्याबद्दल मात्र मला सावकाश लिहायचं आहे.

गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरायचं आणि किहीमच्या दिशेने निघायचं. नारळी-सुपारीच्या वाड्यांमधून जाताना डाव्या-उजव्या हाताला श्रीमंतांचे बंगले लागतात, त्यांच्या कुंपणांकडे दुर्लक्ष करायचं. करमरकरांचं घर त्या ओळीत शोभत नाही, म्हणूनच ओळखू येतं. विनायक पांडुरंग करमरकर (1891–1967) याच गावचे. घरात गणपती करायची परंपरा. पोरगा भिंतींवर चित्रं काढायचा. देवळाच्या भिंतीवर त्याने काढलेला शिवाजी जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडला, आणि त्यांनी त्याला मुंबईला जे. जे. मध्ये पाठवलं. ही गोष्ट मी दहा जणांना तरी सांगितली असेल, आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं, "आजचा कलेक्टर दंड लावेल." असो. पुढे करमरकर कलकत्त्याला राहिले, परदेशी जाऊन आले, आणि 1928 साली पुण्यात उभा राहिलेला अश्वारूढ शिवाजी त्यांनी केला. एवढा मोठा पुतळा एकसंध ओतायचा म्हणून माझगाव गोदीचा आसरा घ्यावा लागला होता.

पण सासवण्याला शिवाजी बघायला जायचं नाही. अंगणातली म्हैस बघायला जायचं. ती सिमेंटची आहे. करमरकरांनी सिमेंटमध्ये इतकं काम केलं याचं कारण मला कुणी नीट सांगितलेलं नाही. कांसं महाग, संगमरवर दुरून आणावा लागणार, आणि कोकणच्या पावसात उघड्यावर टिकायचं तर सिमेंट बरं, असा माझा आपला अंदाज. ते काही असो, ज्या मालाने आपण गटाराची झाकणं ओततो त्याच मालातून या माणसाने कातडीच्या सुरकुत्या काढल्या आहेत. म्हशीच्या पाठीवर हात ठेवला तर ती शेपूट हलवेल अशी भीती वाटते. (हात ठेवू नये, अशी पाटी आहे. मी ठेवला नाही असं इथे लिहायला हवं.) आत मासे विकणारी आहे, शंख फुंकणारा आहे, घरच्या माणसांचे मुखवटे आहेत. प्रत्येक चेहरा कुणाचा तरी आहे, 'कोळीण' नावाच्या जातीचा नाही. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईकरांच्या मातीच्या बाहुल्या आहेत, त्याही मला आवडतात. पण तिथे पारशी म्हणजे पगडी आणि वाणी म्हणजे तागडी. सासवण्यात माणूस आधी दिसतो आणि त्याचा धंदा मागून.

कोल्हापूरकर 'नाद खुळा' म्हणतात ते उगाच नाही. त्या एका गावात चित्रकारांची जेवढी घरं आहेत तेवढी मी कुठल्याच गावात मोजली नाहीत. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला रोमन समुद्रदेव आहे, हातभरही नसेल. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं 'निसर्ग' आहे. भालजींच्या सिनेमात शिवाजी झालेला हा देखणा नट उरलेल्या वेळात रंगीत पावडर बोटाने घासून निसर्गचित्रं करत होता, आणि शेवटी घर चित्रांसकट सरकारला देऊन मोकळा झाला. नटाची म्हणून बघायला जावं आणि चित्रकाराची म्हणून बघून यावं अशी ती चित्रं आहेत, पावडर शेडिंगची. धुक्यात असतं तसं त्यांत काहीच टोकदार नाही.

कोल्हापुरात प्रदर्शन बघायला नेहमी दालनातच जावं लागतं असंही नाही. रंगबहार संस्थेची 'मैफल रंगसुरांची' टाऊन हॉलच्या बागेत भरते. झाडाखाली एक जण गातो, पलीकडे चार जण समोर बसलेल्या माणसाचं व्यक्तिचित्र करतात, आणि शाळेची पोरं चित्रकाराच्या इतकी जवळ जाऊन उभी राहतात की ब्रश मागे घेताना त्यांच्या नाकाला लागेल. चित्र होताना बघण्याची ही संधी झाली. एरवी आपल्याला फक्त झालेलं चित्र दाखवतात.

चित्र आणि गाणं एकत्र असण्याची रीत आपल्याकडे खूप जुनी आहे, ती पिंगुळीत बघायला मिळते. कुडाळजवळच्या या गावात परशुराम गंगावणे यांनी गोठ्याची जागा साफ करून ठाकर समाजाच्या चित्रकथीचं आणि बाहुल्यांचं संग्रहालय केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पोथीतलं एक एक चित्र समोर धरायचं आणि रामायणातला तो प्रसंग गाऊन सांगायचा, असा हा प्रकार. काचेत ठेवलेली चित्रकथी मी आधी शहरात पाहिली होती आणि 'जुनी, जरा बोजड चित्रं' असं वहीत लिहिलं होतं. पिंगुळीत ती गाण्याबरोबर पाहिली. वहीतली ती ओळ या पुस्तकात तशीच ठेवली आहे, खाली दुरुस्तीसह.

आता चालू प्रदर्शनांविषयी. ही गोष्ट पुस्तकात मावणारी नाही, कारण आज टांगलेलं आठ दिवसांनी उतरतं. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनं सहसा मंगळवारी लागतात आणि सोमवारी उतरतात. 1952 पासून हे चक्र फिरतं आहे, आत जायला पैसे पडत नाहीत, आणि तरीही काळा घोड्याला येऊन समोरच्या फुटपाथवरची चित्रं बघून परत जाणारे लोक मला भेटतात. आत जायचा संकोच वाटतो म्हणे. मलाही वाटायचा. चित्रकार कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला असतो आणि आपण विकत घेणार नाही हे त्याच्या लक्षात येईल, अशी धास्ती. त्याच्या लक्षात ते दारातच आलेलं असतं. सोमवारी दुपारी जावं. त्या दिवशी चित्रकार थकलेला असतो, विक्री झाली असेल-नसेल ते ठरून गेलेलं असतं, आणि "हा हिरवा कसा आणलात?" एवढं विचारलं तरी तो अर्धा तास बोलतो. पूर्वी हे बोलणं गॅलरीतल्याच समोवार कॅफेमध्ये चहावर चालायचं. 2015 साली ते बंद झालं, आणि माझ्यापुरतं जहांगीर थोडं कमी झालं.

जे. जे. चं वार्षिक प्रदर्शन चुकवू नये. 1857 पासूनची शाळा, दगडी इमारती, झाडं, आणि वर्गांमधून टांगलेली विशी-बाविशीतल्या पोरांची कामं. त्यातली निम्मी कुणाची तरी नक्कल असतात. उरलेल्यांत चार-पाच अशी असतात की नाव लिहून ठेवावं. मी लिहून ठेवलेल्या नावांपैकी दोन पुढे मोठी झाली, बाकीची कुठे गेली कुणास ठाऊक. बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन आणि कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन इथेही हेच करावं. बक्षिसाची चिठ्ठी लावलेलं चित्र शेवटी बघावं.

मुंबई-पुण्याबाहेर प्रदर्शनाचा सुगावा लागायचे माझे दोन मार्ग आहेत. पहिला, स्थानिक पानावरचं 'शहरात आज'. दुसरा आणि जास्त भरवशाचा, फ्रेमवाला. गावात कुणाचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं, कारण तीस फ्रेमा एकदम कुणी लग्नासाठी करून घेत नाही. शिवाय कुठल्या घरात काय आहे हेही त्यालाच माहीत असतं. जुनं चित्र काच बदलायला येतं ते त्याच्याकडेच.

'बघण्याजोगं' कशाला म्हणावं, याची माझी कसोटी साधी आहे: दुसऱ्यांदा गेलो का. त्यामुळे काही नामवंत ठिकाणं या पुस्तकात नाहीत आणि काही दोन खोल्यांची ठिकाणं आहेत. एका जिल्ह्याच्या गावी, नाव लिहीत नाही, सुंदर तैलचित्रांवर ट्यूबलाइट अशी लावली होती की चित्रात मला माझंच टक्कल दिसत होतं. चिठ्ठीवर 'स्त्री' एवढंच, कुणी काढली, कधी काढली, काही नाही. तरी तिथे मी तीनदा गेलो, आणि ते ठिकाण पुस्तकात आहे. कुठल्या कोनात उभं राहायचं तेही दिलं आहे. वेळा आणि साप्ताहिक सुट्ट्या मात्र निघायच्या आधी विचारून घ्याव्यात. कुठे सोमवार, भायखळ्याला बुधवार, आणि लहान ठिकाणी किल्ली ज्यांच्याकडे ते लग्नाला गेले असतील तर तो दिवस.

महाराष्ट्राबाहेरची नोंद एकच आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली. हातात दिवा धरलेली, बोटांमधून उजेड झिरपणारी ती बाई बघायला आपले सहलीवाले रांग लावतात आणि बाहेर येऊन "रविवर्मा काय काढून गेला!" म्हणतात. ती सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी काढली आहे, जलरंगात, आणि समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. निदान मराठी माणसाने तरी हे चुकू नये म्हणून ती नोंद घातली.

एक प्रकरण अर्धं राहिलं आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान, शाहू महाराजांचे चित्रकार, कोटीतीर्थाच्या काठी राहायचे. महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं त्या तळ्यात बुडवली असं कोल्हापुरात सांगतात. खरं-खोटं तळ्यालाच माहीत. उरलेली संग्रहालयांत आहेत, काही जुन्या घरांतून आहेत. गेल्या महिन्यात तिथल्या माझ्या ओळखीच्या फ्रेमवाल्याचा फोन आला. एका वाड्यातून काच बदलायला एक जलरंग आलं आहे, पाण्याकाठची संध्याकाळ आहे, सही पुसट आहे, पण कागद जुना वाटतो. "साहेब, मी अजून काच बसवलेली नाही," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत थांबतो." पुस्तक छापखान्यात गेलं आहे. मी शनिवारचं तिकीट काढलं आहे.